दोन विड्यांचं मिनिट

मी जात्याच संशयी. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत गृहशास्त्र शिकवायला लागले आणि या स्वभावाला हक्काची नोकरीच मिळाली. मुलींनी घरून करून आणलेली शेंगाचटणी मी आधी दोन बोटांत चुरडून बघते. उखळात कुटलेली तेल सोडते, मिक्सरमधल्या चटणीचा भुगा होतो. काजं-बटणांचा नमुना उलटा करून तपासते, कारण शिंप्याचं काम मागच्या बाजूनंही नीट असतं आणि नववीतल्या पोरीचं नसतं. मुली माझ्या पाठीमागं मला सीआयडी म्हणतात. मला त्याचा थोडा अभिमानच होता.

पुढं गृहशास्त्राच्या जोडीला आरोग्यसेवा हा विषय आला. त्यात दहावीच्या मुलींना एक वही करायची असते. घरातल्या एखाद्या आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची रोज ठरल्या वेळी नाडी मोजायची, काय खाल्लं, किती झोपलं ते लिहायचं, असं तीन आठवडे. दर शनिवारी मी वही बघून सही करते. शेवटी ती परीक्षकांपुढं जाते. निम्म्या वह्या शाळेच्या गेटबाहेर उभ्या उभ्या भरलेल्या असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. रोज बहात्तर, रोज बहात्तर. सोलापुरातल्या तमाम म्हाताऱ्यांची हृदयं जणू एकाच गिरणीच्या भोंग्यावर चालतात.

एका मुलीच्या वहीत मात्र वेगळंच होतं. पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं विणकराचं घर, आईवडील दोघं टॉवेलच्या कारखान्यात. तिचे आजोबा, त्यांना ती ताता म्हणायची, न्हाणीत घसरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. पहिल्या आठवड्यात त्यांची नाडी शहात्तर. दुसऱ्यात ब्याऐंशी, सत्त्याऐंशी. तिसऱ्यात चढत चढत एकशे चार. शेजारच्याच रकान्यात ताप नाही, भाकरी दोन, झोप चांगली.

इथं पाणी मुरतंय, असं मी स्वतःशी म्हटलं. दोन वेळा भाकरी खाणाऱ्या माणसाची नाडी अशी जिना चढते होय? पोरगी हुशार, बाकीच्यांसारखं बहात्तर लिहिलं तर पकडली जाईन म्हणून आकडे रचतेय. तिसऱ्या शनिवारी सही करून शेवटच्या पानावर मी लाल शाईनं लिहिलं, ‘नोंदी बनावट वाटतात.’ या शेऱ्यानं तिचे प्रात्यक्षिकाचे गुण जाणार, हे मला माहीत होतं. तिला नर्सिंगला जायचंय, हेही माहीत होतं. तरी माझं समाधान होईना. तिला तिच्या घरात, तिच्या ताताच्या समोर पकडायचं होतं.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, न कळवता मी दारात उभी राहिले. एका खोलीचं घर. खाटेवर आजोबा, खाटेला टेकून आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मुलगी गडबडून उठली, मला पाणी दिलं. मी पाणी बाजूला ठेवलं, आजोबांचं मनगट धरलं आणि माझ्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण एक मिनिट मोजलं. शहात्तर.

“शेवटच्या दिवशी किती लिहिलंस?”

“एकशे चार.”

“आज शहात्तर. दोन-तीन दिवसांत?”

“मॅडम, मी खोटं न्हाय लिहिलं. खरंच मोजलंय की.”

“कशावर मोजलंस? घड्याळ दाखव.”

भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. मोबाइल एकच, तो वडील कामावर घेऊन जायचे. तिनं आजीकडं बोट केलं. “अव्वाच्या विडीवर.”

पहिल्या रविवारी वडील घरी असताना तिनं मोबाइल लावून बघितलं होतं. अव्वाची एक विडी अर्ध्या मिनिटात होते. पान उचललं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला, तोंड मुडपलं. चाळीस वर्षांचा हात, एक सेकंद इकडं न्हाय की तिकडं न्हाय. म्हणजे दोन विड्या झाल्या की एक मिनिट. रोज पाच वाजता ती ताताचं मनगट धरायची आणि अव्वाच्या दोन विड्या होईपर्यंत ठोके मोजायची.

मला हसू आलं, खरं सांगते. आणि लगेच संशयही. मी म्हटलं, “आजी, वळा बघू दोन.” घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. आजी वळू लागली. पहिली विडी संपली तेव्हा चाळीस सेकंद होऊन गेले होते. दुसरीला दोरा बांधताना तिचा अंगठा दोनदा निसटला. दोन विड्यांना ऐंशीच्या वर सेकंद लागले. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

आजोबांची नाडी तीन आठवडे शहात्तरच होती. बिघडलं होतं ते घड्याळ, म्हणजे आजीचा हात.

“आजी, हात दाखवा जरा.” तिनं उजवा हात पदराखाली घेतला. “थंडी हाय, दुसरं काय न्हाय,” म्हणाली. मी जवळजवळ ओढूनच तो बाहेर काढला. माझी दोन बोटं दाबायला सांगितलं, तर तिची पकड लहान लेकरासारखी. विडी कारखान्यातून विड्या सैल म्हणून परत यायला लागल्यात, हे तिनं मग तेलुगूत नातीला सांगितलं आणि नातीनं मला. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काम बंद करतील म्हणून म्हातारी इतके दिवस सगळ्यांपासून हाताचं दुखणं लपवत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि दोघींना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मानेतली नस दबली होती. वेळेवर आणलंत, अजून महिनाभर असंच चाललं असतं तर हात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. उपचार लिहून दिले.

औषधांच्या रांगेत मी त्या मुलीला म्हटलं, “माझं चुकलं गं. तो शेरा मी खोडते, खाली माझी चूक म्हणून लिहिते आणि सही करते.” मला मनापासून लाज वाटत होती. शेऱ्याचं तिला काही वाटलेलं दिसेना. ती हळूच म्हणाली,

“मॅडम, आकडा रोज वाढायलाय म्हणून मला लई भ्या वाटायचं. वाटायचं, ताता जातोय. घरी सांगितलं तर सगळी रडतील. म्हणून मी वाट बघायचे, शनिवारी तुम्ही वही बघाल आन् विचाराल, काय झालंय तुझ्या ताताला.”

तिन्ही शनिवारी मी त्या आकड्यांखाली सही केली होती.