नळी आजच घालायची

वॉर्डात तिला सगळे चमचाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. एकवीस वर्षं ती स्टेम सेल प्रत्यारोपणाच्या रुग्णांचा आहार बघत होती. कोणी किती चमचे खाल्ले, किती उलटून पडले, सगळं तिच्या वहीत. "चमचेगिरीचा पगार घेणारी मीच एकटी," असं ती स्वतःच हसून सांगे.

त्या दिवशी मात्र तिचं हसू पळालं होतं. चार नंबरच्या खोलीतला बसड्रायव्हर पाच दिवस जवळजवळ उपाशी होता. केमोने तोंडभर फोड आलेले. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. वजन सहा किलोंनी उतरलेलं. आणि दाराशी त्याची बायको डबा घेऊन हटून उभी.

"बाहेरचं आत नेता येणार नाही, वहिनी."

"माझ्या हातचं बाहेरचं कसं हो?"

चमचाबाई म्हणाली, "जंतूंशी लढायला त्यांच्या अंगात आत्ता ताकदच नाही. आणि ते गिळणार कसं? नाकातून नळी घालू द्या."

डबा बाहेर ठेवून, हात धुऊन दोघी आत गेल्या. नळीचं नाव निघताच ड्रायव्हरने मान हलवली. "नाही. आमचे आबा नाकात नळी असतानाच गेले."

चमचाबाईने खुर्ची ओढली. "आबा आजाराने गेले. तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. नळी टोचेल, ओकारी येईल. पण प्लेटलेट रोज घसरताहेत. उद्या नाकातून रक्त सुरू झालं, तर डॉक्टर हात लावणार नाहीत. घालायची तर आजच."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. शेवटी बायकोच मास्कआडून कडाडली, "बसमध्ये डिझेल नळीनेच भरतात ना? मग स्वतःच्या टाकीला कसला आलाय कमीपणा?"

त्याला हसू आलं आणि चिरलेल्या ओठांतून रक्त. "घाला," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ओकताना नळी बाहेर आली. आता पुन्हा घालायला कोणी धजेना. चमचाबाई डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागली. प्लेटलेट चढवल्या, नळी परत बसली. या वेळी तिने नळीतून अन्न सोडणाऱ्या पंपाचा वेग निम्म्यावर आणायला लावला आणि तासातासाला येऊन बघत राहिली. जीव टांगणीला लागलेला. पण पोटात गेलेलं पोटात राहिलं.

प्रत्यारोपणानंतर तेराव्या दिवशी रक्तात नव्या पेशी दिसल्या; रोपण रुजलं होतं. महिन्याभराने तो घरी निघाला, नुसता हाडांचा सापळा, पण स्वतःच्या पायांनी.

चमचाबाई त्याला पोचवायला लिफ्टपर्यंत गेली नाही. सहा नंबरच्या बाई सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हत्या.