तेरवीचा फोटो

माझा सोभावच उतावळा. शेलूबाजारात फोटो स्टुडिओ आहे माझा. लगनसराईत एका दिवशी दोन-दोन लग्नं. कार्डातले फोटो हार्ड डिस्कवर टाकायचे अन् कार्ड पुसून दुसऱ्या मांडवात पळायचं. दुसरी कॉपी कोण ठेवते! दहा वर्षांची लग्नं त्या एकाच डिस्कवर.

मेडशीची एक मावशी आली. तिचा मालक गेला होता, चार दिवसांनी तेरवी. त्याचा मोबाईल ऊसतोडीवर पाण्यात पडला, त्यातलं सारं तवाच गेलं. पोरीच्या लग्नात तो फेटा बांधून हासला होता, अन् तो फोटो म्याच काढला होता.

"हासताच दे भाऊ," ती म्हणाली. "आधार कार्डावरला नको. त्यात ते चोरावानी दिसतेत."

फोल्डर उघडेचना. डिस्क टकटक करून राह्यली. वाशिमच्या कॉम्प्युटरवाल्या दोस्ताले फोन लावला. त्यानं सांगतलं, डिस्कचा एखादा तुकडा खराब झाला असन, अन् कुठं काय ठेवलं त्याची यादी बिघडली असन. आधी डिस्क आहे तशी दुसऱ्या डिस्कवर उतरव, मग दुरुस्ती त्या नकलेवर कर. मूळ डिस्कले हात लावू नको.

वाशिमवरून नवी डिस्क आणायची म्हणजे एक दिवस. मावशी समोर स्टुलावर बसलेली. तेवढ्यात कॉम्प्युटरनंच इचारलं, दुरुस्त करू का? अन् म्या 'हो' दाबलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

फोटो आले, पण नावं गेली, नुसते आकडे राह्यले. कोणाची नवरी, कोणाची पंगत, काही पत्ता नाही. दोघंजण एक-एक पाहत बसलो. दुपार कलली तवा तो सापडला. मांडवाची झालर, गुलाबी फेटा, अर्धं कपाळ. त्याच्या खाली सारं राखाडी.

मावशीचा चेहरा खुलला. "हाच फेटा! खाली घे ना भाऊ, तोंड खालीच असन."

खाली काही नाही हे मले कळलं होतं. तरी मी माऊस सरकवत राह्यलो.

डिस्कच खराब निघाली मावशी, असं सांगतलं. एक दिवस दम धरला असता तं तोंड कदाचित निघालं असतं, हे सांगाची हिंमत झाली नाही. तेरवीले हार आधार कार्डावरल्या फोटोलेच पडला. अन् तिनं मले आग्रह करू-करू वाढलं.