साडूच्या गळापेक्षा एक हात पुढं

आमच्या धाकलूला स्वतःला मासा नाही मिळाला तर काही वाटत नाही, दुसऱ्याला मिळाला तर मात्र भाकरी गोड लागत नाही. भातसा नदीकाठी आमची घरं शेजारीशेजारी, त्यामुळे हे मी जवळून पाहिलंय. भात कापून झालं की हा गडी काठी घेऊन डोहावर. तिथं त्याला तोड नाही. खडकात अडकून तुटू नये म्हणून जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाभोवती पाच गळ, आणि त्यावर पेंड नि पिठाचा लाडवाएवढा गोळा. कटला आला म्हणजे असा येतो की बायका विळ्या घेऊन दारात.

माघात त्याच्या मेव्हणीकडे, अनिताकडे, हळद होती. तिचं सासर केळव्याकडे समुद्राला लागून. धाकलू मलाही घेऊन गेला. म्हणाला, "आबा, तुमी बघाच. आज खाऱ्या पाण्यालाबी दाखवतो."

अनिताचा नवरा जयराम, म्हणजे धाकलूचा साडू, किनाऱ्यावर उभा होता. त्यानं काठी मागं नेली, अंगाला पीळ दिला नि सोडली. लाटा फुटतात त्याच्या पलीकडच्या खोलगट पाण्यात गळ पडला. मासा तिथंच फिरतो.

धाकलूची बायको शकू म्हणाली, "भावजींचा हात बघा. आमच्याकडं असं कोनी फेकीत नाय."

झालं. धाकलूनं दात खाऊन काठी फिरवली. गोळा हवेतच फुटला, पेंड पोरांच्या डोक्यावर पडली, आणि पाच गळ वारा अडवत फडफडत जवळच पडले.

जयराम म्हणाला, "साडू, तितक्या पान्यात आमच्याकडं लुगडी धुतात."

शकू हसली. जयराम हसला ते धाकलूनं सोसलं असतं.

रात्री जेवण सोडून तो पडवीत जयरामची काठी चाचपत होता. मला खुणेनं बोलावलं. "आबा, त्याचा तंगूस बघा, केसासारखा. म्हनून लांब जातो. गळबी एकच. आनि ही गाठ बघा, पुढं जाड तुकडा जोडलाय. तुटका माल गाठी मारून वापरतो, कंजूस मेला."

घरी आल्यावर कल्याणहून बारीक तंगूस आणला, एकसलग, कुठं गाठ नाही. मग कापलेल्या शेतात सराव. हलकंसं शिसं बांधून या बांधावरून त्या बांधावर फेकायचा. रस्त्यानं जाणारा गावातला जीवन सायकल थांबवून विचारायचा, "काय धाकलूशेठ, ढेकळात बोंबील लागला का?" धाकलू ओळखसुद्धा द्यायचा नाही. त्याला फक्त शकूनं पाहायला हवं होतं. तिनं पाहावं नि वा म्हणावं, बस्स.

शिमगा झाल्यावर परत केळवं. जयरामनं फेकलं. धाकलूनं त्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं, नि त्याच्यापेक्षा जड शिसं बांधलं. माघापासून जे जळत होतं ते सगळं त्या हिसक्यात घातलं. फट्‌ असा आवाज झाला. शिसं जे गेलं ते ओळीनं उभ्या बगळ्यांवरून, जयरामचा गळ ओलांडून, पार पलीकडं. काठीच्या टोकाला तुटलेला तंगूस वाऱ्यावर हलत राहिला.

धाकलू म्हणाला, "लांब गेलं ना?"

"गेलं," शकू म्हणाली. "येनार कसं?"

आमची हसून हसून पोटं दुखली. जयराम उठला, आपल्या रिळातला जाड तुकडा घेऊन आला. "साडू, हिसका पुढच्या दोरीला बसतो. म्हनून काठीच्या दुप्पट लांबीची जाड दोरी पुढं, शिवाय तिचेच रिळावर दोन-चार वेढे. मागं सगळा बारीक. गाठ त्याचीच."

"मला वाटलं, तुटलेलं जोडलंय," धाकलू वाळूकडं बघत म्हणाला.

"जाड दोरीचे पैसे मोजून गाठ मारलीय."

जयरामनंच गाठ बांधली, थुंकी लावून आवळली, टोकं कापली. बेताचं शिसं, एक गळ, त्यावर कोलंबी दोऱ्यानं घट्ट गुंडाळलेली. धाकलूनं या वेळी दात खाल्ले नाहीत. शेतातल्यासारखी काठी फिरवली. गळ सरळ गेला, लाटांच्या पलीकडं, जयरामच्या दोरीहून हातभर पुढं.

"आता कसं," शकू म्हणाली. धाकलूनं मान फिरवून तिच्याकडं पाहिलं. लगेच काठी वाकली तेव्हाही तो तिच्याकडंच बघत होता, मीच ओरडलो. शिंगाळा निघाला, चांगला कोपरभर. शकूनं पदर खोचला, पोरं गोळा झाली, जो तो मासा उचलून बघू लागला.

जयराम मात्र आला नाही. तो पाठ करून आपला गळ गुंडाळत होता. मी जवळ गेलो तर पिशवीत काहीतरी शोधत होता.

"काय रे?"

"काय नाय, आबा," तो हळूच म्हणाला. "ह्याहून बारीक एक तंगूस होता माझ्याकडं."