डोकं कोणाचं तपासायचं

"इतकं तेल? तुमच्या लोकांना कितीही सांगा!"

डॉक्टर मॅडमनी माझी वेणी दोन बोटांनी उचलली, सोडली आणि बोटं कापसाला पुसली. आई शेजारीच उभी होती. पारशिवनीहून सकाळच्या एसटीने निघताना तिनेच माझं डोकं चोपडलं होतं. "रुखं डोकं घेऊन मोठ्या दवाखान्यात जाते का वं?" डोक्याला तारा चिकटवायच्या असतात, तेल चालत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तरी आईच म्हणाली, "माफ करा जी." माझं रक्त उकळायला हवं होतं. उकळलं नाही. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं.

मी सतरा वर्षांची होते. थोड्या दिवसांपूर्वीच मरायचा प्रयत्न केला होता, म्हणून ही तपासणी.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी नागपुरात क्लास लावला होता. हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत तिघी. एकदा आईचा फोन स्पीकरवर लागला. आई "जय भीम" म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी ताट घेऊन बसले आणि तिघी उठल्या. भांडण नाही, शिवी नाही. मी खोलीत आले की बोलणं बंद. "हिला काय, हिची सीट पक्की," एवढं मात्र मला ऐकू जाईल असं. वॉर्डन म्हणाली, "अ‍ॅडजस्ट कर बेटा." केलं. इतकं केलं की माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. शेवटी वाटलं, मी नसले तर कोणाचं काय अडतं?

तर ते डोकं. नळाखाली धुऊन आले. तारांची टोपी चढवली. पडद्यावर माझ्या वयाच्या मुलामुलींचे चेहरे. खेळ असा, की कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, मत द्यायचं. तेही माझ्यावर मत देणार. मला काढलं. पुन्हा काढलं. संपल्यावर मॅडम म्हणाल्या, ती मुलं खरी नव्हतीच, सगळं कॉम्प्युटर करत होता.

मग शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आत आला. मॅडम त्यांना म्हणाल्या, "बघा, नाकारलं की हिचा मेंदू किती उसळतो. अशा मुलांना धोका जास्त." टोपी डोक्यावर तशीच. "सांग बेटा, त्या दिवशी काय केलंस? सगळ्यांना सांग."

"मले..." मी सुरुवात केली. मागे एक जण फिसकन हसला. मॅडमही हसल्या.

तेव्हा मात्र पेटले.

"मी नाही सांगत. गेममधले पोट्टे खोटे होते न मॅडम? माह्या खोलीतल्या पोरी खऱ्या हायेत. त्याईचं डोकं कोण तपासते?"

"चूप राय वं," आई कुजबुजली.

"नाही राहत, आई."

टोपी मी स्वतःच काढली.

बरी झाले असं खोटं सांगणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ते दार लावून बोलतात. काही दिवस अजूनही उठवत नाही. मरणाचा विचार येतो. आला की आईला सांगते, लपवत नाही. खोलीतल्या तिघींविरुद्ध तक्रार दिली आहे, क्लासमध्ये आणि पोलीस ठाण्यातही. जो तो म्हणतो, "जाऊ दे, तुझंच नाव खराब होईल."

मेलेल्या मुलीसाठी हेच लोक मेणबत्त्या लावतात, फोटोला हार घालतात. माझा फोटो त्यांना मिळणार नाही. मी जिवंत राहीन आणि त्या तिघींची नावं घेत राहीन. वॉर्डनचंही घेईन.