उजव्या दिव्याचं बोलावणं

आता आमच्या शोभाच्या पाठवणीचं तुम्हाला काय सांगावं! मांडवात पंगतीसमोर पाय घसरून पडलो असतो तरी परवडलं असतं. मी त्याहून मोठा घोळ घातला.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. लग्न आमच्याकडे आदिलाबादला लागलं, पोरीचं सासर गुडीहत्नूरचं. आणि जीपमध्ये बसताना शोभा रडलीच नाही. डोळ्यांत टिपूस नाही! माझा जीव खालीवर. पोरीनं आतल्या आत कोंडून ठेवलं असेल, नाही का?

लेकीला वेशीपर्यंत बोळवायची रीत. म्हणून बायकोला स्कूटरवर मागे घेतलं आणि निघालो जीपच्या पाठोपाठ. गावाबाहेर रस्त्यावरच मावला म्हणून खेडं आहे, तिथपर्यंत जायचं ठरलं होतं. तिथं पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं.

"अवो, वळवा आता," ही म्हणाली.

मी वळवणार, तोच जीप हळू झाली आणि तिचा मागचा उजवा दिवा लुकलुकायला लागला.

"पाह्य, पोरगी बोलावून राह्यली!"

"काहीतरीच! जीप काय पोरगी चालवून राह्यली?"

"डायवरले सांगतलं असन तिनं. बाबाले म्हना, अजून थोडं या."

मी आपला हेडलाइट दोनदा वर-खाली केला. म्हणजे, आलो गं बाई! जीप थोडी पळाली. मग पुन्हा हळू, पुन्हा तोच दिवा. मी पुन्हा उत्तर दिलं. आता हिचाही धीर सुटला. मागून मुसमुसत म्हणते, "काऊन हळू चालवता? पळवा न!"

मध्येच मागून एक ट्रक आला आणि तो दिवा पाहून सरळ जीपच्या पुढे निघून गेला. मी मनात म्हटलं, याला काय कळणार बापाचं काळीज!

असं करत करत थेट गुडीहत्नूर. व्याह्यांच्या दारात जीप, जीपमागे आमची स्कूटर!

ड्रायव्हर उतरला तो कमरेवर हात ठेवून. "काय काका! मावल्यापासून साईड देऊन राह्यलो तुमाले. उजवा दिवा दिला म्हंजे रस्ता मोकळा हाय, निघा पुढं! तुमी लाइट मारून साईड मागता, अन् पुढं जातच नाई!"

तरी मी विचारलंच, "अन् शोभा? लय रडली का रस्त्यानं?"

"वयनी? त्या तर मावला यायच्या आधीच झोपल्या!"

उंबरठ्यावर विहीणबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. नवरीनं पायानं लवंडायचं तांदळाचं माप पुढ्यात भरून ठेवलेलं. त्यांनी आधी मापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घरात आवाज दिला,

"अवो, अजून एक माप भरून आना! नवरीचा बापबी नांदाले आला!"

सगळं अंगण हसलं. शोभा झोपेतून उठून जीपमधून उतरली. मला पाहून क्षणभर थबकली. मग शालूचा पदर हातात धरून तरातरा आली आणि भर दारात सगळ्यांदेखत नवरीनं डोळे पुसले.

माझे!