खडक ओला आहे

वॉल पेटिफरला हळू असं काही करताच येत नसे. समोरच्याने काटा हातात धरेपर्यंत याची ताटली चाटूनपुसून लख्ख. ऑस्ट्रेलियात बर्क गावाच्या आसपासच्या लोकर कातरायच्या शेडांमध्ये जो दिवसभरात सगळ्यांत जास्त मेंढ्यांची लोकर उतरवतो त्याला रिंगर म्हणतात, आणि वॉल कितीतरी हंगाम रिंगर होता. डोरीनला लग्नाचं त्याने म्हणे दोन मेंढ्यांच्या मधल्या फुरसतीत विचारलं. ती "विचार करून सांगते" म्हणाली, तोवर हा पुढच्या मेंढीच्या पोटापर्यंत पोहोचला होता.

दुसरी खोड तोंडाची. मालकाशी भांडायला शेडमधले लोक आपल्यातला एक पुढारी निवडतात. ते काम आपोआप वॉलकडे यायचं. मटण वास मारतंय? वॉलला सांगा. मेंढ्या पावसात भिजल्या? वॉलला सांगा. ओली मेंढी कातरली की अंग धरतं, ताप येतो, असं तिकडे सगळे मानतात. मग वॉल टोपी फिरवायचा. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, ओली की कोरडी. जास्त चिठ्ठ्या 'ओली' निघाल्या की कात्र्या खाली, चहा वर. मालक ऊन दाखवत नाचला तरी टोपीपुढे कुणाचं चालत नाही.

असा हा माणूस वय चोरून फौजेत शिरला आणि एक गोळी धड झाडायच्या आत सिंगापुरात वरच्यांनी पांढरं निशाण वर केलं.

"एवढ्या घाईत तर मीसुद्धा कधी काही उरकलं नाही," वॉल म्हणाला.

तिथून जपान्यांनी त्यांना सयामच्या जंगलात नेलं. डोंगर फोडून रेल्वे न्यायची होती. काम जोडीजोडीने. एकाने पहार धरायची आणि दर घावाला जराशी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. भोक ठरल्या मापाचं झालं की त्यात सुरुंग. माप घ्यायला एक जपानी इंजिनिअर होता. खुणा केलेली बांबूची काठी घेऊन तो भोकाभोकात वाकून बघायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'शिंपी'.

वॉलची पहार धरायला होता अर्न डिन्सडेल. शेडचा आचारी. त्याच्या रश्श्यावरून वॉलने त्याला दोनदा मतदान घेऊन कामावरून काढायला लावलं होतं. आता दोघं एका चटईवर झोपत आणि एका डब्यात जेवत.

"या भातातल्या अळ्या तुझ्या रश्श्यापेक्षा बऱ्या शिजल्यात," वॉल म्हणायचा.

"खा मुकाट्याने. इथे मत द्यायची सोय नाही."

सुरुवातीला शिंप्याने हातभर भोकाचं माप दिलं. झालं की छावणीत परत, असं म्हणाला. हे ऐकलं आणि वॉलच्या दंडात जन्माची सवय जागी झाली. पलीकडे क्वीन्सलँडचा ऊसतोड्या लेस बॉडकिन घण घेऊन उभा. तोही नगावर काम करणारा, तोही आपल्या भागातला अव्वल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सुटले. त्यांचं बघून बाकीचेही सुटले. जेवणाच्या वेळेला सगळे मोकळे! नदीत डुंबले, सावलीत पसरले. वॉल मिशीवर हात फिरवत अर्नला म्हणाला, "बघ, माझ्यामुळे तुला झोप मिळाली."

दुसऱ्या दिवशी शिंपी आला आणि काठीवरची खूण वर सरकवली. यांनी तेही उरकलं. त्याने पुन्हा सरकवली. जगात दुसऱ्या कुठल्या कैद्यांनी अशी स्वतःच्या हाताने स्वतःची फजिती करून घेतली नसती. पण नगावर काम करणाऱ्या माणसाला पुढचा दिसला की त्याला गाठल्याशिवाय घास उतरत नाही. खूण वाढता वाढता अशा जागी गेली, की अंधार पडायला लागायचा तेव्हा कुठे सुटका. तोवर हगवणीने माणसं पोकळ झाली होती आणि पावसाने चटया कुजल्या होत्या. पहार धरताधरता अर्न बसल्याजागी कलंडायला लागला.

डॉक्टर लिस्गो आपलेच, कैदीच. त्यांनी अर्नची नाडी बघितली आणि वॉलला बाजूला घेतलं. "मी याला मागे ठेवू शकत नाही. ते डोकी मोजून नेतात. अर्ध्या दिवसाचं काम असेल तर जगेल. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात आपण याला जाळू."

"माप कमी व्हायला पाहिजे म्हणता."

"वाढवलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. वॉलने आपल्या दंडांकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी नदीवर डबे घासताना वॉलने आपली फाटकी टोपी काढली. "मंडळी, मतदान. पांढरा खडा म्हणजे खडक कोरडा. काळा म्हणजे खडक ओला. ओला निघाला तर उद्यापासून हात आवरायचा. काम थांबवायचं नाही, ते डोकी फोडतील. फक्त खडक फुटत नाही, इतकंच."

"खडक कधी ओला असतो का रे येड्या?" बॉडकिन म्हणाला.

"टोपीत निघाला की असतो."

टोपी फिरली. सगळे खडे काळे, एक पांढरा.

"माझा आहे तो," बॉडकिनने छाती पुढे काढली. "आम्ही ऊस ओलासुद्धा तोडतो. तू दमलास, तर तसं सांग ना. टोप्या कशाला फिरवतोस?"

आठवडाभर सगळ्यांनी हात आवरला. गुरासारखा मार खाल्ला, रोज. एकीकडे पहारेकऱ्यांचं 'स्पीडो! स्पीडो!', म्हणजे लवकर, लवकर, आणि पाठीवर बांबू. भोकं अर्धवट राहिली, आणि अर्धवट भोकांत सुरुंग उडत नाही. पण बॉडकिनचं भोक रोज काठीभर पुरं. शिंपी त्याच्याकडे बोट दाखवायचा: हा करतो, तुम्ही का नाही? शेवटी त्याने जाहीर केलं, दुभाष्याकडून. उद्या बॉडकिन आणि पेटिफर शेजारीशेजारी लागतील. तो स्वतः बसून बघणार. दुपारपर्यंत दोघांत जो पुढे जाईल त्याला सिगारेटचं पाकीट, आणि त्याचं भोक हेच सगळ्यांचं माप.

वॉल बॉडकिनच्या चटईपाशी जाऊन उकिडवा बसला. "लेस, उद्या आपण दोघांनी हरायचं."

"दोघं कसे हरतील? शर्यत म्हटली की एक जिंकतोच."

"अर्न मरेल रे. तुझा पहार धरणाराही कुठे धड आहे?"

बॉडकिनने शेजारी पाहिलं. त्याचा जोडीदार भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. बॉडकिनने मान खाजवली. "ते कळतं मला. पण तुझ्याकडून हरायचं? लोकांदेखत?"

वॉलने डोळे मिटले. "बरं. असं कर. जो मागे राहील तो जिंकला."

बॉडकिन उठून बसला. "म्हणजे मी तुझ्यापेक्षा हळू गेलो, तर क्वीन्सलँड जिंकलं?"

"हो बाबा."

"आणि घरी गेल्यावर हे चारचौघांत कबूल करशील?"

"करीन," वॉल म्हणाला. त्याला हा शब्द अळीपेक्षा जड गेला.

सकाळी शिंपी छत्रीखाली खोक्यावर बसला. दोन जोड्या कामाला लागल्या. काय ते रंगले! बॉडकिनने पहिल्याच घावाला अशी आरोळी ठोकली की पलीकडे ओंडके ओढणारे हत्ती बिचकले. घण डोक्यामागे पार कमरेपर्यंत नेऊन तो असा आणायचा की वाटावं डोंगर दुभंगणार, आणि शेवटच्या वितीला मनगट सैल. टक्. मग घाम पुसणं. मग पहारेला शिव्या. मग पुन्हा आरोळी. वॉलही हुंकारत होता, कण्हत होता, गुडघे वाकवत होता. शिंपी पुढे झुकून बघत होता.

पण हाडात मुरलेलं जाईल कुठे? तासाभराने खांदा तापला, घणाला ताल सापडला, आणि वॉलला कळायच्या आत घाव नेमके बसायला लागले. ठण्. ठण्. ठण्. दगडाचा भुगा उडायला लागला.

"गाढवा," अर्न दातांतल्या दातांत म्हणाला, "भोक पडतंय."

"हात ऐकत नाहीत रे."

"मला मारून सिगारेट ओढणार आहेस का? थांब, मीच बघतो." आणि अर्नने पहार फिरवणं बंद केलं. घाव बसला तसं टोक खडकात रुतलं, पक्कं. आता ठोका किंवा नमस्कार करा, पहार हलेना. दोघांनी ती उपसायला जी ओढाताण केली ती बघून पहारेकरीसुद्धा मदतीला आला. तिघं मिळून चिखलात बसकण मारून पडले. पहार मोकळी झाली की अर्न पुन्हा रुतवायचा. हातांत पेला उचलायचं बळ नव्हतं, पण पहार न फिरवायला बळ लागतच नाही.

दुपारी शिंप्याने दोन्ही भोकांत काठी घातली. दोन्ही जेमतेम हातभर. त्याचा चेहरा तांबडा झाला. त्याने आधी बॉडकिनच्या कानाखाली काढली, मग वॉलच्या. आणि दुभाष्यामार्फत विचारलं: कारण?

वॉल ताठ उभा राहिला, मालकासमोर राहायचा तसा. "खडक ओला आहे."

दुभाष्याने दोनदा विचारून खात्री केली आणि सांगितलं. शिंप्याने खडकाला हात लावला. वरून मुसळधार कोसळत होतं. खडक ओलाच होता. त्याने हाताकडे पाहिलं, वॉलकडे पाहिलं आणि आणखी एक ठेवून दिली.

पाकीट कुणालाच मिळालं नाही. पण वॉलचं भोक दोन बोटं जास्त खोल निघालं होतं. बॉडकिन सुजलेल्या तोंडाने हसत होता. "क्वीन्सलँड!" तो पुटपुटला. वॉलने मान फिरवली. तोंडातलं रक्त चाललं असतं, हे नको होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली आणि शिंपी पुढे आला. शर्यत बघून त्याचं मत झालं होतं की अर्धवट लांब भोकांपेक्षा पुरी आखूड बरी, निदान सुरुंग तरी उडतील. त्याने काठी सगळ्यांसमोर धरली आणि जुनी खूण पुसून खाली, पार खाली, हातभरावर नवी ओढली.

कुणाच्या चेहऱ्यावर रेषा हलेना. हसू फुटलं असतं तर संध्याकाळच्या आत खूण पुन्हा वर गेली असती. मागच्या रांगेतून कुणीतरी कण्हलं. मग दुसऱ्याने कपाळ बडवलं. बॉडकिन मोठ्याने म्हणाला, "एवढं? मेलो आम्ही!" आणि मग रांगच्या रांग सुरू झाली. कोण पोट धरतंय, कोण आभाळाकडे हात करतंय. एक जण तर आईला हाक मारून चिखलात बसला.

पुढारी म्हणून वॉल रांगेबाहेर आला. हे माप अन्यायाचं आहे, माणसाकडून होण्यासारखं नाही, आमची सक्त हरकत आहे, असं त्याने खणखणीत आवाजात सांगितलं. शिंप्याने त्याच्या तोंडावर छत्री हाणली. वॉल समाधानाने रांगेत परतला.

अर्न तेवढा गप्प उभा होता.

"कण्ह ना रे," वॉल कुजबुजला.

"माझं खरंच दुखतंय," अर्न म्हणाला. "खरं दुखणाऱ्याला ते नाटक जमत नाही." आणि वॉलच्या खांद्याचा आधार घेऊन चालायला लागला. "आज दुपारी छावणीत परतायचंय ना आपल्याला? मग जरा हळू चल. शिंपी बघतोय."