बसमधली शाब्बासकी

त्या मावशी मला एकदाच भेटल्या, नाशिकहून सिन्नरला जाणाऱ्या बसमध्ये. शाळेत दिवसा वीज नसते, म्हणून वर्गातले टॅब मी घरीच चार्ज करून नेते. ती जड पिशवी घेऊन मी उभी होते. मावशींनी ती हक्कानं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. साडीवर कंपनीचा निळा कोट होता.

"काय हाय यात, बाई?"

"पोरांच्या नव्या पाट्या."

शेजारी जागा झाल्यावर मी एक टॅब सुरू करून दाखवला. पडद्यावर ठिपक्यांचा 'ग' उमटला. मावशींनी बोट कोटाला पुसलं आणि श्वास रोखून अक्षर गिरवलं.

"शाब्बास!" टॅब एवढ्या मोठ्यानं ओरडला की अख्खी बस वळून बघायला लागली.

मावशी लाजून हसल्या. "अजून एकदा म्हणायला लावा की. मला आजवर कुणी म्हटलंच नाय."

मग सिन्नर येईपर्यंत त्या गिरवत राहिल्या. पुढच्या सीटवरचे लोकही टॅबच्या सुरात सूर मिसळून शाब्बास म्हणू लागले.

त्या दिवशी वर्गात मी सगळ्या टॅबचा आवाज बंद केला. पोरं गिरवत होती, आणि एकेकाच्या पाठीवर हात ठेवून शाब्बास मीच म्हणत होते.